विरळ हवेतले निर्णय जमिनीवर घ्या

घरच्या संगणकावर विमान उडवणारे बहुतेक जण सेस्ना १७२ सारख्या साध्या, एका इंजिनाच्या विमानाने सुरुवात करतात, आणि मराठी माणूस असला तर बहुधा जुहूच्या किंवा पुण्याच्या धावपट्टीवरून. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही ५,४०० फुटांचं. त्यामुळे सात-आठ हजार फुटांच्या वर जायची गरजच पडत नाही. पुढे कधीतरी हिमालय खुणावतो. श्रीनगरहून लेहला जायचं ठरतं. सेस्नाला ती चढण झेपत नाही हे दिसलं की टर्बोचार्जर असलेलं विमान निवडलं जातं, आणि मग वीस हजार फुटांवर, हवेचा दाब न राखणाऱ्या केबिनमध्ये, खुर्चीतला माणूस तासन्‌तास निवांत बसून राहतो. त्याला काहीही होत नाही. सिम्युलेटरने विमान दिलं, वारा दिला, डोंगर दिले. वैमानिकाचं शरीर मात्र दिलं नाही. पुढे उंचीवरच्या उड्डाणाची बरीच व्यावहारिक माहिती येईल, पण माझं सांगणं एकच आहे: ही उणीव आपण स्वतःवर नियम घालून भरून काढावी आणि ते नियम उड्डाणापूर्वी कागदावर उतरवावेत. विरळ हवेत खऱ्या वैमानिकाची जी गोष्ट सर्वांत आधी हिरावली जाते ती म्हणजे निर्णयशक्ती. म्हणून त्याचंही कौशल्य मुख्यतः निर्णय आधी घेऊन ठेवण्यात असतं, आणि ते घरी बसून पक्कं करता येतं.

उंचावरच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं असं सर्रास म्हटलं जातं. ते बरोबर नाही. प्रमाण खाली-वर सारखंच, सुमारे २१ टक्के; कमी होतो तो हवेचा दाब, आणि ऑक्सिजन रक्तात शिरतो तो या दाबाच्या जोरावर. १८,००० फुटांवर दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. फुप्फुसांपर्यंत पोचणारा ऑक्सिजनचा दाब तर निम्म्याहूनही खाली जातो, कारण आत घेतलेल्या हवेत शरीर स्वतःची वाफ मिसळतं आणि त्या वाफेचा दाब कुठल्याही उंचीवर ४७ मिलिमीटरच राहतो. समुद्रसपाटीला ७६० मधून हे ४७ वजा केले तर फारसं बिघडत नाही. १८,००० फुटांवर ३८० मधून वजा करावे लागतात. हिशेब केला तर श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब १४९ मिलिमीटरवरून ७० वर येतो. यातली खरी गोम अशी की शरीर याची सूचना देत नाही. श्वास कोंडल्यावर जी घुसमट होते ती कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. इथे तो नेहमीसारखा बाहेर पडत असतो, त्यामुळे घुसमट होतच नाही. उलट अनेकांना हुशारी वाटते, सगळं उत्तम चाललं आहे असा विश्वास वाटतो. नखं निळसर होतात, नजरेच्या कडा अंधारतात, बोटांना मुंग्या येतात, पण हे ज्याच्या लक्षात यायला हवं त्याचंच लक्ष उडालेलं असतं. माणूस उपयोगी पडेल इतका शुद्धीवर किती वेळ राहतो, याचे वैमानिकांना शिकवले जाणारे आकडे असे: १८,००० फुटांवर वीस ते तीस मिनिटं, २५,००० वर तीन ते पाच, ३०,००० वर एक ते दोन.

माहिती असणं पुरेसं नसतं, याचा पुरावा विमानांपेक्षाही जुना आहे. १५ एप्रिल १८७५ रोजी गास्तों तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे तिघे फ्रेंच ‘झेनित’ नावाच्या बलूनमधून वर गेले. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल यांनी वर्षभरापूर्वीच पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, कमी दाबाच्या कोठीत बसून विरळ हवेचे परिणाम स्वतःवर अनुभवले होते आणि ऑक्सिजन घेताच ते कसे नाहीसे होतात हेही पाहिलं होतं. बलूनमध्ये ऑक्सिजनच्या पिशव्या डोक्याशी टांगलेल्या होत्या. साठा थोडा असल्यामुळे तो खरी गरज वाटेल तेव्हा वापरायचा असं ठरलं होतं; साठा अपुरा असल्याची सूचना देणारं बेर यांचं पत्र वेळेत पोचलं नाही. आठ हजार मीटरच्या आसपास तिसांदिए यांना नळी हातात घ्यावीशी वाटली, तर हात उचलेना. जीभही हलेना. त्याआधीच्या मिनिटांत आपल्याला भीती नव्हे तर आनंद वाटत होता, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. बलून खाली आलं तेव्हा ते एकटेच जिवंत होते. या तिघांच्या काळात या विषयातले त्यांच्याइतके जाणकार जगात मोजकेच असतील. चूक त्यांच्या ज्ञानात नव्हती. ती एका वाक्यात होती: गरज वाटेल तेव्हा वापरू. गरज ‘वाटणं’ हेच पहिल्यांदा बंद पडतं. आजच्या उड्डाणाच्या नियमांत ‘वाटलं तर’ असा शब्द नाही, उंचीचे आणि मिनिटांचे आकडे आहेत, त्याचं कारण हे.

अमेरिकेतल्या नियमानुसार केबिनमधली उंची १२,५०० फुटांच्या वर असेल तर तीस मिनिटांपलीकडच्या वेळासाठी वैमानिकाने ऑक्सिजन घ्यायचा, १४,००० च्या वर पूर्ण वेळ घ्यायचा, आणि १५,००० च्या वर प्रवाशांनाही तो उपलब्ध करून द्यायचा. व्यावसायिक उड्डाणांसाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक याहून कडक आहे: १०,००० ते १३,००० फुटांदरम्यान तीस मिनिटांनंतर, आणि १३,००० च्या वर सदैव. सिम्युलेटरवर दुसरा पाळावा असं माझं मत आहे. तो पाळायला खर्च काहीच नाही, आणि अमेरिकेचेही वैद्यकीय सल्ले दिवसा १०,००० आणि रात्री ५,००० फुटांपासूनच ऑक्सिजन सुचवतात, कारण अंधारात पाहण्याची क्षमता तेवढ्या उंचीपासून घटू लागते. नियम पाळायचा म्हणजे काय करायचं? टेबलावर मोबाइलचं स्टॉपवॉच ठेवायचं. उंचीमापक १०,००० ओलांडेल तेव्हा ते सुरू करायचं आणि १३,००० च्या आत ऑक्सिजन ‘चालू’ अशी वहीत वेळेसह नोंद करायची. विमानाच्या पॅनेलवर ऑक्सिजनचं बटण असेल तर उत्तम, नसेल तर वहीतली नोंद हेच बटण. साठाही आधी मोजायचा. नाकाशी लावायच्या साध्या नळीतून दर दहा हजार फुटांना मिनिटाला एक लिटर, हा वैमानिकांचा ढोबळ हिशेब आहे. ६०० लिटरचं सिलिंडर आणि दोन माणसं घेऊन १७,५०० फुटांवर गेलात तर मिनिटाला साडेतीन लिटर, म्हणजे १७१ मिनिटं. चौथा हिस्सा राखीव ठेवला की हातात राहतात दोन तास आणि वर काही मिनिटं. श्रीनगर ते लेह सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका बाजूचा प्रवास यात सहज बसतो. जाऊन-येऊन एकाच सिलिंडरवर करायचं म्हटलं तर वारा उलटा आहे का, हे आधी पाहावं लागेल. १८,००० फुटांच्या वर ही नळी चालत नाही, मास्क लागतो. म्हणून मास्क नसल्याचं वहीत लिहिलं असेल तर १८,००० ही तुमची छताची उंची, मग ढग कितीही आडवे येवोत.

आता यंत्राकडे. लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात या उंचीवर तापमान उणे सहा अंश सेल्सियस धरलेलं असतं. उन्हाळ्यातल्या दुपारी तिथे २५ अंश असले तर फरक ३१ अंशांचा. दर अंशामागे सुमारे १२० फूट या हिशेबाने हवा आणखी ३,७०० फूट ‘उंच’ होते, म्हणजे धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला ती १४,४०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ मिळते. सेस्ना १७२ एस या विमानाची कमाल व्यवहार्य उंची १४,००० फूट आहे, आणि कमाल व्यवहार्य उंची म्हणजे पूर्ण वजन घेऊन विमान मिनिटाला फक्त शंभर फूट चढू शकतं ती उंची. थोडक्यात, जमिनीवर उभं असतानाच ते आपल्या मर्यादेच्या वर गेलेलं असतं. टर्बोचार्जर नसलेलं इंजिन दर हजार फुटांना जवळपास तीन टक्के ताकद गमावतं. १४,००० फुटांवर बाहेरच्या हवेचाच दाब साडेसतरा इंच पारा असतो, तेव्हा थ्रॉटल कितीही पुढे ढकलला तरी मॅनिफोल्डमध्ये त्याहून जास्त येणार कुठून? १८० अश्वशक्तीचं इंजिन इथे शंभर-एकशेदहाचं राहतं. त्यात मिक्श्चर तसंच ठेवलं तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी होऊन उरलेली ताकदही जाते. म्हणून सिम्युलेटरच्या सेटिंगमधलं आपोआप मिक्श्चर सांभाळणारं साहाय्य आधी बंद करा. उंचावरच्या धावपट्टीवर ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल द्या, मिक्श्चरचा दांडा हळूहळू मागे घ्या, इंजिनाचे फेरे वाढत वाढत जिथे सर्वाधिक होतील तिथून किंचित पुढे सारा, मगच ब्रेक सोडा. टर्बोचार्जर असलेल्या विमानाला मात्र हे करू नका. त्याचं इंजिन लेहलाही समुद्रसपाटीइतक्याच दाबाची हवा घेतं, त्यामुळे उड्डाणाच्या वेळी पूर्ण मिक्श्चरच लागतं.

टर्बोचार्जर हा या सगळ्या चर्चेतला सर्वांत फसवा मित्र आहे. सिरस एसआर२२टी सारखं विमान २५,००० फुटांपर्यंत प्रमाणित आहे आणि तिथवर दमदार चढतं. चढताना काहीही अवघड वाटत नाही, म्हणून वैमानिक अवघड काही नाही असं धरून चालतो. पण टर्बोचार्जर श्वास देतो तो इंजिनाला. केबिनमधल्या माणसाला तो थेंबभरही देत नाही. त्याच कारणाने त्या विमानात ऑक्सिजनची व्यवस्था कारखान्यातूनच बसवलेली असते. इंजिनाच्याही बाजूने एक अडचण आहे: विरळ हवा उष्णता कमी वाहून नेते. पूर्ण ताकदीवर, नाक उंच करून, कमी वेगात चढत राहिलात तर सिलिंडरचं तापमान लाल पट्ट्याकडे सरकू लागतं. नाक थोडं खाली घ्या, वेग वाढू द्या, चढण्याचा दर कमी झाला तर होऊ द्या.

वेगाचा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण सिम्युलेटरवर डोंगराला धडकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण इथेच फसतात. वेगमापक दाखवतो तो हवेचा जोर, प्रत्यक्ष वेग नाही. विमान ज्या दर्शनी वेगाला समुद्रसपाटीवर उचल गमावतं, जवळपास त्याच दर्शनी वेगाला १४,००० फुटांवर गमावतं. म्हणून लेहला उतरतानाही काट्यावर नेहमीचाच वेग धरायचा. पण त्या दुपारच्या हवेत काट्यावरचे ६५ नॉट प्रत्यक्षात ८१ असतात. धावपट्टी अंगावर धावून येत आहे असं दिसतं, वेग जास्त झाला असं वाटून माणूस थ्रॉटल मागे घेतो, आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच बसतं. डोळ्यांवर नव्हे, काट्यावर विश्वास ठेवा. वळताना उलटं आहे. तिथे काटा पुरेसं सांगत नाही. वळणाची त्रिज्या प्रत्यक्ष वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ९० नॉट दर्शनी वेग आणि तीस अंशांचा कल ठेवून समुद्रसपाटीला मागे फिरायला साधारण ७६० मीटर रुंदी लागते. १४,००० फुटांवर तेच वळण जवळजवळ १,१७० मीटरचं होतं. लेहच्या वाटेवरच्या झोजी ला खिंडीअलीकडची दरी बघताना ‘इथे वळता येईल’ असं जे मन सांगतं ते मन कोकणात शिकलेलं असतं. म्हणून दरीच्या मधून जाऊ नये, एका कडेने जावं, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते. आणि खिंडीकडे सरळ न जाता ४५ अंशांच्या तिरप्या रेषेत जावं, म्हणजे खाली ओढणारा वारा लागला तर थोड्याशा वळणातच पाठ फिरवता येते.

वाट ठरवताना नकाशावर खिंडींची उंची लिहा: झोजी ला सुमारे ११,६००, नामिका ला १२,२००, फोटू ला १३,५००. सेस्नाला १४,००० पर्यंत नेऊन फोटू ला वरून पाचशे फुटांनी निसटता येईल, असा विचार येणं साहजिक आहे. तो सोडून द्यावा. तिथे विमानाकडे मिनिटाला शंभर फूट चढण्याची ताकद उरलेली असते आणि कड्यावरून उतरणारा साधा वाराही त्याहून वेगाने खाली नेतो. जोराचा वारा असेल तर कड्याच्या वर दोन हजार फूट हवेत, हा डोंगरी उड्डाणाचा जुना दंडक आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, प्रत्येक टप्प्यावर खाली जायची दिशा आधी लिहा. सपाट प्रदेशात ऑक्सिजन संपला तर नाक खाली केलं की झालं. इथे खाली डोंगर आहे. झोजी लापर्यंत उत्तर सोपं: मागे फिरून काश्मीरच्या खोऱ्यात. द्रासच्या पुढे कारगिलकडे, कारण ते गाव नऊ हजार फुटांच्याही खाली आहे. फोटू ला ओलांडल्यावर पुढे सिंधूच्या खोऱ्यात. नामिका ला आणि फोटू ला यांच्यामधला तुकडा अडचणीचा, तिथे मागे की पुढे हे अंतरावरून आधीच ठरवून नकाशावर एक खूण करून ठेवा: या खुणेच्या अलीकडे मागे, पलीकडे पुढे.

यावर काही आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की लेहला माणसं जन्मभर राहतात, १९७८ मध्ये मेसनर आणि हाबेलर हे गिर्यारोहक ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टवर गेले, मग वैमानिकाचंच एवढं कौतुक कशाला? उत्तर वेळात आहे. गिर्यारोहक आठवडे खर्चून शरीराला सवय लावतो. मुंबईहून विमानाने लेहला उतरणाऱ्या पर्यटकाला पहिला दिवसभर हॉटेलात पडून राहायला सांगतात ते उगाच नाही, आणि तो तर फक्त साडेदहा हजारांवर असतो. आपला वैमानिक साडेपाच हजारांवरच्या श्रीनगरहून निघून अर्ध्या तासात सतरा हजारांवर पोचतो. त्याच्या रक्ताला सवय होण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरा आक्षेप इतिहासाचा. १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना सोबत घेऊन डकोटा विमान लेहला उतरवलं. त्या विमानात दाब राखणारी केबिन नव्हती. खरं आहे, आणि तो पराक्रम मनापासून आदर करावा असाच आहे. पण लेह शत्रूच्या हाती जाण्याची वेळ आलेली असताना पत्करलेला धोका ही उड्डाणाची रीत होऊ शकत नाही. ते उड्डाण सिम्युलेटरवर पुन्हा करून पाहायचं असेल तर जरूर करा, फक्त धोका कोणता होता हे वहीत लिहून करा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ज्या परिणामाची जाणीवच सिम्युलेटर देत नाही, त्याचा सराव खोटाच नाही का? काही सिम्युलेटरांत आणि काही विकत मिळणाऱ्या विमानांत ऑक्सिजनअभावी पडदा काळवंडत जातो, पण तेही खरं चित्र नव्हे, कारण पडदा काळा झालेला तुम्हाला स्वच्छ डोक्याने कळतो. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. विरळ हवेची जाणीव घरी मिळणार नाही. ती मिळते बंगळूरच्या हवाई वैद्यक संस्थेत असते तशा कमी दाबाच्या कोठीत, जिथे माणसांना वजाबाक्या करायला लावतात आणि बाहेर आल्यावर स्वतःचं बिघडलेलं अक्षर दाखवतात. प्रत्यक्ष वैमानिक व्हायचं असेल त्याने संधी मिळताच तो अनुभव घ्यावा. पण झेनितमधल्या दोघांनी तो घेतलेला होता. त्यांना कमी पडला तो ठरलेल्या आकड्याला ठरलेली कृती करण्याचा सराव, आणि त्याला संवेदना लागत नाही, शिस्त लागते.

तो सराव असा करता येईल. उड्डाणाच्या वेळी एखाद्या मित्राला सांगून ठेवा की तासाभरात कधीही, न सांगता, ‘ऑक्सिजन बंद’ एवढाच संदेश पाठव. संदेश आला की स्टॉपवॉच सुरू करायचं. १७,५०० फुटांवर वीस मिनिटं मिळतात असं पुस्तक सांगत असलं तरी स्वतःला पाचच द्या, कारण बिघाड नेमका कधी झाला हे खऱ्या विमानात कोणी संदेश पाठवून कळवत नाही. पाच मिनिटांत विमान नकाशावरच्या खुणेप्रमाणे वळलेलं आणि १३,००० कडे उतरत असलेलं हवं. या पाच मिनिटांत नवा कुठलाही विचार करायचा नाही, असा कडक नियम ठेवा: नवी वाट शोधायची नाही, नकाशा मोठा करून पाहायचा नाही, फक्त वहीत लिहिलेलं करायचं. वहीत उत्तर नसेल तर उड्डाण तिथेच थांबवा, सिम्युलेटर बंद करा आणि त्या तुकड्याची योजना पुन्हा लिहा. पहिल्या काही वेळा बहुतेक योजनांमधला नेमका नामिका ला–फोटू लाचा तुकडाच कोरा निघेल. परतीचं उड्डाण सकाळच्या वेळेला ठेवा. लेहची प्रवासी विमानंही दुपारचा वारा आणि तापलेली हवा टाळून मुख्यतः सकाळीच ये-जा करतात, आणि सिम्युलेटरमध्ये प्रत्यक्षातलं हवामान चालू असेल तर सकाळ आणि दुपार यांतला फरक धावपट्टी सोडताच चढण्याच्या दरात दिसेल.